एकाहत्तरावं पान

कळमन्याच्या मिरची यार्डात, गोदाम तीनच्या माडीवर
हेडाऊ सरांची एकशे बारा पानं सर्व्हरवर चालतात.
चालतात म्हणजे, कुणी हाक मारली की
दर वेळी पहिल्या ओळीपासून वाचली जातात,
जणू काल काही झालंच नव्हतं.

मला सांगितलंय, यांना बांधून टाक.
एकेक स्क्रिप्ट घे, कंपाइल कर, कॉम्पोनंट बनव,
सीलबंद, वेगवान, आतलं कुणाला दिसू नये असा.
मे महिना. कूलरमधलं पाणी तळाला गेलंय
आणि खालून मिरचीचा खकाणा वर येतो.
मी शिंकते. कंपायलर थांबतो.
दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

पहिल्या दिवशी सत्तर पानं गेली गपगुमान,
पावत्या, अडत, हमाली, तोलाई.
मग एकाहत्तरावं.
त्यात एक चौकट कोरी ठेवलेली.
संध्याकाळी मापारी डोमाजी लांजेवार येतो
आणि त्या दिवसाचा नियम तिथं स्वतः टाइप करतो,
हेडाऊ सरांनी त्याला शिकवलेल्या नऊ शब्दांच्या भाषेत:
भिवापुरी असली अन् हाताला दमट लागली
त पोत्यामागं दीड किलो कमी.
पान ते वाक्य उचलतं आणि तसंच पाळतं.

कंपायलर विचारतो, ते वाक्य कुठंय?
मी म्हणते, संध्याकाळी येईल.
तो म्हणतो, मग संध्याकाळ आत्ता आण.

पुढची भांडली, पण ऐकली.
ऐंशीव्याला वाटायचं, आपण बोलू ते कागदावर उमटणारच;
त्याला सांगितलं, आता कागद नाही,
उत्तर मागणाऱ्याच्या हातात द्यायचं आणि गप्प बसायचं.
त्र्याण्णवावं चालता चालता ठरवायचं
कुठल्या शेजाऱ्याला बोलवायचं ते.
शेजारी आधीच नेमून दिले.
एकशे चारच्या डोक्यावर होतं:
चुकलं त चुकलं, पुढं चाल.
ती एक ओळ काढली
आणि अकरा वर्षांच्या चुका बाहेर आल्या, रांग न लावता.

टिपा मात्र कुणीच मागितल्या नाहीत.
'इथं हात नोको लावू बे, दिवाळीत रडशील.'
'हे काऊन चालते मले माहीत नाही. पण चालून राहिलं.'
'आज बाबा गेले. उरलेलं उद्या.'
कंपायलरला त्या दिसत नाहीत.
काट्यावर ठेवल्या तर वजन शून्य.

चालून राहिलं.
पुण्यात सहा वर्षं मी हे तोंडातून काढत होते.
'जाऊन राहिली' म्हटलं की मीटिंगमध्ये कुणीतरी
खाली बघून हसायचं.
आता 'जातेय' म्हणते, एका दमात, सांधा दिसत नाही.
आईला फोनवर कळतं.
'कोणाशी बोलून राहिली तू?' विचारते.

घटकाचा नियम कडक आहे.
एकदा लोकांना दाखवलेला चेहरा बदलायचा नाही,
एक तीळ वाढला तरी जुने ओळखीचे
दारातूनच परत जातात.

पवनीला फोन लावला. हेडाऊ सर आता ऐकू कमी येतं म्हणतात,
की मुद्दामच. मी दोनदा ओरडून विचारलं.
मागे कुठंतरी प्रेशर कुकर, मग ते म्हणाले,
'डोमाजीचा हात कसा आहे?'
एवढंच. कुकरची शिट्टी, फोन ठेवला.

अहवालात कारणासाठी तीस अक्षरांची जागा आहे.
मी 'सुसंगत नाही' लिहिलं, खोडलं.
कोण कोणाशी, ते मावत नव्हतं.

साडेसहाला डोमाजी जिना चढून आला,
धोतराला बोटं पुसत, लाल.
एका पोत्यात आत्ताच कोपरापर्यंत हात घालून आलेला.
चष्मा नाही, म्हणून कळफलकावर वाकून
एका बोटानं, एकेक अक्षर शोधत:

आज कोरडी आहे. काही कापू नोको.

मी बाजूला सरकले.
पान पहिल्या ओळीपासून वाचायला लागलं.